कोण कुठे बसले होते? सातारा-सांगलीच्या जलशाचा प्रेक्षक

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, नांदी म्हटली जाते आणि एखादे ज्येष्ठ रंगकर्मी सांगतात की १८४३ साली याच दिवशी सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांपुढे विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केले आणि मराठी नाटक जन्माला आले. मग सांगलीला नाट्यपंढरी म्हणायचे, हरिपूरच्या देवलांचे नाव घ्यायचे, खाडिलकरांचे घ्यायचे. या नावांशी आमचे काही भांडण नाही. देवलांनी ‘शारदा’ लिहून म्हाताऱ्या नवऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीची बाजू घेतली हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. नाटकाचा इतिहास सांगताना मंचावर कोण होते एवढेच का सांगतात? समोर कोण बसले होते ते का सांगत नाहीत? राजवाड्यातला खेळ बघायला दरबारी मंडळी होती. त्याच संस्थानातल्या महारवाड्यात, मांगवाड्यात त्या रात्री काय चालले होते?

बसायची जागा ही आपल्यासाठी लहान गोष्ट कधीच नव्हती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण त्या शाळेत बसण्याबद्दल बाबासाहेबांनी स्वतः काय लिहून ठेवले आहे? वर्गात कोपऱ्यात वेगळे बसायचे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी परत घेऊन जायचा, कारण शाळा झाडणारा शिपाई त्या गोणपाटाला हात लावत नसे. वर्ग एकच, गुरुजी एकच, कविता एकच, पण ती ऐकणाऱ्याची जागा ठरलेली. ज्यांनी ही गोष्ट वाचली आहे त्यांना नाटकाच्या इतिहासात प्रेक्षक कुठे बसला होता हे आम्ही का विचारतो, ते वेगळे समजावून सांगायला नको.

हा विषय आत्ताच काढायचे कारण म्हणजे पुण्या-मुंबईत आलेली एक नवी लाट. छोटी जागा, पन्नास-साठ प्रेक्षक, मंच नाहीच, नट तुमच्यातूनच उठतो, तुमच्या खांद्यावर हात ठेवून गातो, गायिका तुमच्या टेबलाशी येऊन बसते. प्रेक्षकाला नाटकाच्या आत ओढून घेणारा अनुभव, अशी त्याची जाहिरात असते. परदेशात हे जोरात आहे. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये टॉलस्टॉयच्या कादंबरीतल्या एका भागावर असे संगीत नाटक झाले. प्रेक्षागृहाचीच खाणावळ केली आणि पात्रे टेबलांमधून गात फिरली. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलने तर १९७० च्या दशकातच प्रेक्षकाला उठवून खेळात घेतले आणि शोषितांची रंगभूमी हा विचार मांडला. आपली शिकलेली मुले असे प्रयोग बघून येतात, भारावून जातात आणि विचारतात, आपल्याकडे असे काही का नाही?

आपल्याकडे होते. एक नाही, दोन प्रकारचे होते, आणि त्या दोन्हींतला फरक हाच आमचा मुद्दा आहे.

पहिला प्रकार तमाशा. थिएटरात शिरलेला किंवा कनातीतला तिकिटाचा नव्हे, त्याआधीचा, गावच्या जत्रेत चावडीपुढे किंवा देवळासमोरच्या मोकळ्या जागेत उभा राहणारा. उंच मंच नाही, पडदा नाही. माणसे गोल करून बसली की मधे उरते तीच खेळाची जागा. आधी टेंभ्यांचा उजेड, पुढे गॅसबत्तीचा, आणि तो नाचणारणीच्या तोंडावर पडतो तसाच पहिल्या रांगेतल्या पाटलाच्या तोंडावरही. म्हणजे बघणारासुद्धा सगळ्यांना दिसतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे. सुरत्या आणि झीलकरी शाहिराच्या मागे ‘जी जी रं’ धरतात आणि थोड्या वेळाने अख्खे रिंगण धरते. सोंगाड्या तर प्रेक्षकांत अर्धा बसलेलाच असतो. गावात येताना त्याने कुणाची विहीर पडली, कुणाची सोयरीक मोडली, कोण तलाठ्याच्या मागे फिरतो हे विचारून ठेवलेले असते आणि मध्यरात्री वगाच्या मधेच ते नाव घेऊन तो टोला मारतो. त्याला उत्तर येते. उत्तराला प्रत्युत्तर. छापील संहिता नाही, त्यामुळे एकाच वगाचे पुसेगावच्या जत्रेतले आणि म्हसवडच्या जत्रेतले रूप सारखे राहत नसे. मिरज तालुक्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ हवालदार होऊन उभे राहिले की गावाला घाम फोडणारा पोलीस डोळ्यांदेखत विदूषक व्हायचा. ‘जहरी प्याला’ पाहिलेली माणसे अजून त्या जोडीच्या नुसत्या आठवणीने हसतात. जवळिकीचा हा कारखाना आपल्या लोकांनी उभा केला. बहुतेक फड महार, मांग, कोल्हाटी यांचे.

पण त्या रिंगणात कोण कुठे बसत होते? गावकी पुढे, घोंगड्या टाकून. बलुतेदार मागे. महारवाडा, मांगवाडा सगळ्यात मागे, बाजूला, शिवाशिव होणार नाही इतक्या अंतरावर. घरंदाज म्हणवणाऱ्या बाया नाहीतच. रिंगणाच्या मधोमध गाणारा महार, नाचणारी महारीण, आणि त्यांचे भाऊबंद मात्र सगळ्यांच्या पाठी. ज्या गावाला रात्रभर रिझवले त्या गावच्या पाणवठ्यावर सकाळी घागर बुडवायची मुभा नाही. ही जवळीक कोणत्या जातीची होती ते ओळखा. दौलतजादा करणारा नोट दाखवतो, बाई जवळ येते, त्याच्या नावाने गाणे म्हणते. अंतर मिटले म्हणायचे का? एकाच बाजूने मिटले. ज्याच्या खिशात पैसा त्याने अंतर मिटवायचे, जिचे शरीर मधे उभे आहे तिने ते राखायचे नाही. नव्या संगीत नाटकाच्या जाहिरातीत ‘कलाकार अगदी तुमच्या जवळ येईल’ असे वाचले की आम्हाला हे आठवते. जवळ येणे म्हणजे समता नव्हे. अस्पृश्यता पाळणाऱ्या गावाला महार बाईच्या जवळ जाण्याचे वावडे कधीच नव्हते.

तमाशातली गौळणही याच नजरेने बघा. गोपी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात. वाटेत कृष्ण आणि पेंद्या त्यांना अडवतात, दाण मागतात, छेड काढतात. मावशी लटके भांडते आणि रिंगण हसते. बाजाराच्या वाटेवर अडवल्या जाण्याचा अनुभव ज्या बायांना रोजचा होता त्या मागच्या अंधारातून हे बघत असतील तर त्यांनी कशाला हसायचे?

वाळवा तालुक्याचे एक उदाहरण पुरे. हा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली पडले, म्हणून या लेखात सातारा आणि सांगली आम्ही एका दावणीला बांधतो. या तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. ब्राह्मणाने सोवळे टाकून ढोलकी धरली ही गोष्ट शंभर वर्षे कौतुकाने सांगितली जाते आणि त्यांच्या रचनांची ताकद आम्हीही नाकारत नाही. पण ज्या बाईच्या पायांवर आणि गळ्यावर तो फड उभा होता, ती संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा, जातीने महार, तिची ओळख आजही ‘बापूरावांची पवळा’ अशीच करून दिली जाते. तो खाली उतरला म्हणून मोठा झाला. ती मुळातच खाली मानलेली, मग तिने काय सोडले म्हणून तिला मोठे म्हणायचे? जातीचा हिशेब टाळ्यांतसुद्धा असा चालतो.

दुसऱ्या प्रकाराकडे येण्याआधी जोतीराव फुल्यांना गाठावे लागेल, आणि त्यासाठी साताऱ्याच्या बाहेर फार जावे लागत नाही. फुल्यांचे मूळ गाव कटगुण, खटाव तालुका. सावित्रीमाईंचे माहेर नायगाव, खंडाळा तालुका. ‘सीता स्वयंवर’नंतर बारा वर्षांनी, १८५५ साली, फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. त्यात राम नाही, सीता नाही. एक कुणबी, त्याची गरोदर बायको आणि जन्माला न आलेल्या मुलाच्या ग्रहांची भीती घालून त्यांना लुटणारा जोशी. शेवटी नवरा-बायको शिकायला निघतात. यात विदूषक आहे, आणि त्याचे काम आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तो राजाला हसवायला आलेला नाही. फसवणूक चालू असताना तो मधे बोलतो आणि बघणाऱ्याला विचारात पाडतो. सोंगाड्याची टोला मारायची जागा फुल्यांनी हेरली आणि तो टोला गरिबाच्या सोयरिकीवरून उचलून भटशाहीवर आणला. दक्षिणा प्राइज कमिटीने नाटक नाकारले. ते छापून यायला १९७९ उजाडले, तेही ‘पुरोगामी सत्यशोधक’मध्ये. सव्वाशे वर्षे ज्या नाटकाला प्रेक्षकच मिळू दिला नाही, ते पहिले नव्हते असे म्हणणे फार सोपे आहे.

फुल्यांचे नाटक मंचावर आले नाही, पण त्यातली युक्ती जलशात आली. जुन्नरकडच्या ओतूरचे भीमराव महामुनी यांचे नाव सत्यशोधकी जलशाच्या सुरुवातीला घेतले जाते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात या जलशाचे सगळ्यात मोठे रान सातारा जिल्हा होते. कराड तालुक्यातल्या काले गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सत्यशोधक परिषदेच्या वेळी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा संकल्प केला, त्यावरून त्या काळची हवा कळावी. जलशाने तमाशाचा सांगाडा तसाच ठेवला, म्हणजे गण, गौळण, बतावणी, वग आणि तीच ढोलकी. माणसे तमाशा म्हणून जमायची. पण गणात गणपतीऐवजी निर्मिक आला आणि वगात राजा-राणीऐवजी गावचा कुलकर्णी, सावकार, जोशी आले. कर्जाचा कागद, श्राद्धाचा शिधा, लग्नाची दक्षिणा, मुलाची शाळा, सगळे ओळखीचे. रिंगणातला शेतकरी वगातला कागद ओळखायचा, कारण तसाच कागद त्याच्या घरी आढ्याला खोचलेला होता.

यातून पुढे काय झाले हे महत्त्वाचे. सातारा जिल्ह्यातल्या गावांनी भटजी न बोलावता आपली लग्ने आपण लावायला सुरुवात केली. ब्राह्मणांकडून तक्रारी झाल्या, प्रकरणे कचेरीपर्यंत गेली. रात्रीच्या खेळाचा परिणाम दिवसाच्या व्यवहारात दिसू लागला म्हणूनच ना?

इथे कौतुकावर थांबायचे नाही. काही सत्यशोधकी जलशांत भटशाहीवरचा राग ब्राह्मण बाईच्या अंगावर घसरत असे. गौळणीतल्या गोपीच्या जागी भटीण आणून तिची टिंगल करायची, म्हणजे वाट अडवणारा बदलला पण वाट अडवली जाणारी बाईच राहिली. शर्मिला रेगे यांनी लावणी, पोवाडा आणि जलशांवर लिहिताना या पुरुषी घसरणीवर बोट ठेवले आहे आणि ते बरोबर आहे. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त बोचते. सत्यशोधकी जलसा चावडीपुढे व्हायचा. ब्राह्मणाला शिव्या पडल्या म्हणून चावडीपुढची बसायची रीत आपोआप मोडत नाही. महार-मांगांचे वाद्य, महार-मांगांचा बाज, आणि बोलणारे पुष्कळसे मराठा, माळी, धनगर. त्यांच्यातल्या सच्च्या सत्यशोधकांनी अस्पृश्यांना जवळ घेतले, यात शंका नाही. पण ब्राह्मणेतर पुढाऱ्यांचा मोठा गट १९३० च्या दशकात काँग्रेसमध्ये गेला आणि जलशाची ढोलकी थंडावली तेव्हा मागे बसलेले लोक मागेच राहिले होते.

ती रांग मोडली आंबेडकरी जलशाने.

महाडला मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायले, डिसेंबरात मनुस्मृती जाळली, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. पण पेपर वाचणार कोण? वस्तीत वाचता येणारा एखादा असला तर नशीब. परिषदेला जाऊन आलेल्याने सांगितलेले ठराव दोन दिवस टिकायचे. अशा वेळी नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारखे जलसाकार निघाले आणि गावोगावच्या महारवाड्यांत पोहोचले. कर्डकांनी १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे’ या पुस्तकात हे सगळे नोंदवून ठेवले. तेही केले नसते तर आज आपल्या हातात फक्त ऐकीव गोष्टी उरल्या असत्या. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो असे बाबासाहेब म्हणाले होते, हे प्रत्येक कार्यक्रमात सूत्रसंचालक सांगतो. ते काम होत कसे होते, हे मात्र कुणी सांगत नाही.

आमच्या मते ते जागेपासून सुरू होते. जलसा चावडीपुढे नव्हे, तक्क्यापुढे उभा राहिला. यजमान वस्ती. दिवा वस्तीचा, भाकरी वस्तीची, पुढची घोंगडी वस्तीची. ज्यांनी आयुष्यभर पाटलाच्या पाठीवरून खेळ बघितला त्यांच्या पुढे आता कुणाची पाठ नव्हती. गावातल्या कुणाला ऐकायचे असेल तर त्याने वेस ओलांडून यायचे आणि कडेला उभे राहायचे. एका रात्रीपुरता गावाचा नकाशा उलटा व्हायचा. आणि बाया आल्या. पोरे मांडीवर घेऊन आल्या, पुढे बसल्या, कारण इथे दौलतजादा नव्हता, नोट दाखवणारा नव्हता. स्त्रीपात्र पुरुषच करायचा. गौळणीतला शृंगार काढून टाकला होता. ज्या बाज्यावर आपल्याच घरची बाई नाचवली जायची, त्याच बाज्यावर आता तिच्याशी बोलले जात होते.

बोलणे कशाबद्दल? मेलेल्या ढोराचे मांस सोडा. येसकरकीची पाळी आणि वतनाची लाचारी सोडा. पोराला आणि पोरीलाही शाळेत घाला. दारू, अंगारे-धुपारे, देवाला सोडलेली मुले बंद करा. नुसती यादी वाचली तर हा उपदेश वाटतो, आणि जलसा म्हणजे प्रचार, कला नव्हे, असे म्हणणारे ही यादीच दाखवतात. संवाद कसा चाले ते ते सांगत नाहीत. एक शिकलेला, एक अडाणी. अडाणी जे बोलतो ते रिंगणात बसलेल्या प्रत्येकाच्या मनातले असते. वतन सोडले तर बलुते बंद होईल, मग खायचे काय? मांस सोडले तर गाव म्हणेल, फार शहाणे झाले. या भीतीची टिंगल करून चालत नसे, कारण ती खरी होती. ठराव पाळणाऱ्या वस्त्यांवर बहिष्कार पडत होते, चारा-पाणी तोडले जात होते. म्हणून अडाण्याला पूर्ण बोलू द्यावे लागे, आणि त्याच्या बाजूने रिंगणातून कुणी उठले तर त्यालाही. वाद जिंकायचा तो त्याच्यासमोर, त्याच्या शब्दांत, सातारी बोलीत. प्रेक्षकाला नाटकाच्या आत घेणे याहून वेगळे काय असते? फरक एवढाच की इथे आत गेलेला माणूस पहाटे बाहेर पडताना तसाच बाहेर पडत नसे. येसकरकीची काठी त्याच्या दारात उभी असायची आणि सूर्य उगवेपर्यंत त्याला ठरवायचे असायचे, ती उचलायची की नाही. संगीत नाटकाचा प्रेक्षक घरी जाताना पद गुणगुणतो. जलशाचा प्रेक्षक घरी जाताना बायकोशी वाद घालत जायचा.

एक अवघड प्रसंग टाळून पुढे जाणे बरे नाही. महाडच्या सत्याग्रह फंडाला मदत म्हणून पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाही. महार बायांना नाचवून आलेला पैसा महारांच्या माणुसकीच्या लढ्याला नको, अशी ती भूमिका. आम्ही ती योग्य मानतो. पैसा कितीही लागत असला तरी ज्या गोष्टीविरुद्ध लढतो तिच्यातूनच तो घ्यायचा नसतो. तरीही शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर केलेले अलीकडचे संशोधन वाचताना एक प्रश्न उरतोच. जलशाने बाईला पुढच्या रांगेत बसवले, पण मधल्या जागेतून उठवलेही. पवळेसारख्या बाईच्या अंगी जी कला होती, रिंगण मुठीत धरण्याची जी ताकद होती, तिचे चळवळीत काय झाले? तिला गायला जागा कोणती मिळाली? पुढे भीमगीते गाणाऱ्या बाया आल्या. आज कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात तेव्हा माणूस थबकतो. पण मधली कितीतरी वर्षे ती जागा रिकामी राहिली. बाबासाहेबांचा नकार पैशाला होता. त्याचा अर्थ बाईने गाऊच नये असा लावणारे आपल्याच वस्त्यांतले पुरुष होते.

रेठरे हरणाक्ष ज्या तालुक्यात, त्याच वाळवा तालुक्यात वाटेगाव. १ ऑगस्ट १९२० रोजी तिथल्या मांगवाड्यात अण्णाभाऊ साठे जन्मले. मुंबईची पायपीट, गिरणी, परत गावी येऊन चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात काम, मग पुन्हा मुंबई आणि १९४४ च्या सुमारास अमर शेख, गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक. अण्णाभाऊंनी रिंगण वस्तीतून गिरणगावच्या चाळींत आणि मैदानांत नेले, गणातला देव काढून मातृभूमीला आणि हुतात्म्यांना नमन घातले, तमाशाला लोकनाट्य म्हटले. ‘अकलेची गोष्ट’, ‘माझी मुंबई’, ‘मूक मिरवणूक’ ही नावे आपल्याला पाठ असतात, पण यांचा प्रेक्षक खुर्चीवर बसलेला नव्हता, पाळी सुटून आलेला होता, हे विसरले जाते. त्यांना कम्युनिस्टांनी आपले म्हणावे की आंबेडकरवाद्यांनी, या वादात आम्हाला पडायचे नाही. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले आणि ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, एवढे पुरे. एकाच तालुक्यातून एक कुलकर्णी तमाशात उतरला आणि एक मांगाचा पोरगा तमाशाला वर घेऊन गेला. शाळेच्या पुस्तकात यांपैकी कोणती गोष्ट जास्त रंगवून सांगितली जाते?

सरकारला या जवळिकीची ताकद समीक्षकांआधी कळली. इंग्रजांनी १८७६ मध्येच नाट्यप्रयोगांवर कायदा केला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि पुढे संहिता तपासून घ्यायच्या अटीवर ती सैल केली. कारण अश्लीलतेचे दिले. ज्या खेळात प्रत्येक गावी नवा टोला सुचतो त्याची संहिता आधी तपासायची म्हणजे सोंगाड्याचे तोंड शिवायचे. अश्लीलता हे निमित्त किती आणि टोल्याची भीती किती, हे वाचकांनी ठरवावे. सप्टेंबर २०२० मध्ये कबीर कला मंचाच्या सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना एल्गार प्रकरणात अटक झाली. डफ घेऊन गाणाऱ्यांना. खुर्च्यांच्या नाट्यगृहात दोन तास क्रांती करणाऱ्यांच्या वाट्याला हे येत नाही.

मधल्या काळात धागा अगदीच तुटला नाही. २०१२ मध्ये संभाजी भगत यांच्या कल्पनेतून आणि राजकुमार तांगडे यांच्या लेखणीतून ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आले. जालन्याकडची शेतकरी पोरे, शाहिरी, पोवाड्यांची जुगलबंदी. ते नाट्यगृहात झाले, पण प्रेक्षक मात्र रिंगणातला असल्यासारखा उत्तर देत होता.

आता आपल्या दारातले. सातारा-सांगलीत १४ एप्रिलला काय असते? डॉल्बी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर, छातीत धडधडणारा आवाज आणि पुढे नाचणारी पोरे. आम्ही नाचायच्या विरोधात नाही. ज्यांच्या आज्याला गावातून वाजतगाजत जायची बंदी होती त्यांचा नातू रस्ता भरून नाचतो, यात मोठा अर्थ आहे. पण डॉल्बीपुढे शेजारच्याशी बोलता येत नाही. म्हातारी माणसे घरात बसतात, बाया गच्चीवर. म्हणजे बाया पुन्हा मागे गेल्या, आणि या वेळी कुणा पाटलाने घालवल्या नाहीत. वर्गणी लाखांत जाते. तेवढ्या पैशात आठ-दहा जणांचा जलसा तालुक्यातल्या किती वस्त्यांत फिरेल याचा हिशेब एखाद्या मंडळाने करून बघावा. विषयांचा तुटवडा नाही. कंत्राटी सफाई कामगार, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, शिष्यवृत्तीचे अडकलेले पैसे, आंतरजातीय लग्न केले म्हणून तुटलेली घरे, आणि फायनान्स कंपनीच्या हप्त्याचा तो कागद, जो आजही आढ्याला नाही तर कपाटात खोचलेला असतो.

पण त्याआधी एक काम घाईचे आहे. जलशाची गाणी आणि वग बाडांत होते. शाहिराच्या ट्रंकेत, कापडात गुंडाळलेल्या वह्या. कृष्णा-वारणेकाठच्या वस्त्यांत २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी घराघरांत शिरले आणि ट्रंकांवरून गेले. ज्यांनी लहानपणी, धम्मदीक्षेच्या आगेमागे, तक्क्यापुढचा जलसा पाहिला त्या बाया आता ऐंशी पार आहेत. वाळवा, तासगाव, पलूस, कराड, खटाव, कोरेगाव या तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडे जावे. गाणे आठवते का, एवढेच विचारून परत येऊ नये. त्या कुठे बसल्या होत्या, शेजारी कोण होते, दिवा कुणी धरला होता, गावातले कोण ऐकायला आले होते, कुणी उठून वाद घातला आणि सकाळी घरी काय झाले, हे विचारावे. मोबाइलवर रेकॉर्ड करून गाव, वस्ती आणि तारीख बोलून ठेवावी. बाड सापडले आणि पाने चिकटलेली असली तर ओढून सोडवू नयेत, उन्हात टाकू नयेत. सावलीत वाळू द्यावीत आणि मग एकेका पानाचा फोटो काढून वही ज्यांची त्यांना परत द्यावी.